बारीक अक्षरांतली माणसं

मास्तरांच्या कीबोर्डवर एक बटण नव्हतं. डाव्या बाजूचं, एकदा दाबलं की सगळी इंग्रजी अक्षरं मोठी उमटवणारं, कॅप्स लॉकचं. पडलेल्या दाताच्या जागी दिसतो तसा तिथं खळगा होता. ते त्यांनी स्वतः उचकटून काढून सुपारीच्या डबीत ठेवलं होतं. सुपारी ते खात नसत. डबीत ते एकटं बटण आणि डबी टेबलाच्या खणात. कुणी विचारलंच तर म्हणत, "आळशाचं बटण हाय ते. दाबून ठेवलं की माणूस कुणाचं नाव लिहितोय ते बघतच न्हाई."

त्यामुळे एखादं नाव सबंध मोठ्या अक्षरांत लिहायचं झालं की ते डाव्या करंगळीने शिफ्ट दाबून धरत. सभासदाचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव असं सगळं होईपर्यंत ती करंगळी उचलत नसत. इतक्या वर्षांत ती वाकडी झाली होती. चहाचा कप धरतानासुद्धा ती तशीच बाहेर राहायची, आणि मला पहिले काही दिवस वाटलं की म्हातारा ऐट करतोय.

नेकनूरच्या पलीकडे फाट्यावर आमचा सहकारी दूध संघ होता. मी औरंगाबादेहून पदवी घेऊन तिथं कॉम्प्युटर बघायला लागलो तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. मास्तर त्याच्या आधीपासून तिथं सभासदांची नावं भरत होते. पूर्वी बीडमध्ये त्यांचे टायपिंगचे वर्ग होते, सहा यंत्रं होती. कॉम्प्युटर आले, पोरं यायची बंद झाली, यंत्रं भंगारात गेली आणि संघाने त्यांना बोलावून घेतलं. 'मास्तर' मात्र त्यांच्या अंगाला चिकटून राहिलं. त्यांचं खरं नाव मला यादीत सापडलं तेव्हाच कळलं.

ते पहिल्या एसटीने यायचे. कॉम्प्युटरसमोर बसताना चपला दाराबाहेर काढायचे. नाव लिहून झालं की पडद्याकडे बघत हळूच म्हणायचे, "बसा." प्रत्येक नावाला. पाहुणा घरात आला की म्हणावं तसं. मी शेजारच्या टेबलावर बसून गालात हसायचो. एकदा मी त्यांना म्हणालो की मास्तर, हे नुसते रेकॉर्ड आहेत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "रेकॉर्डला म्हैस असती का, इंजिनेर?" तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'इंजिनेर'च राहिलो.

एक गोष्ट मला खटकायची. यादीतली काही नावं सबंध मोठ्या अक्षरांत होती, काही सबंध बारीक. कसला म्हणून मेळ नव्हता. एका गावातली चार मोठी, पुढची दोन बारीक, परत एक मोठं. मराठी अक्षरांत शोध चालायचा नाही म्हणून नावं इंग्रजीत ठेवलेली, आणि त्यातही हा गोंधळ. मी मनाशी ठरवून टाकलं की टाइपरायटरवरचा माणूस, याला शिस्त काय कळणार. त्यांना विचारायचं मात्र मला सुचलं नाही. पुढं जे झालं ते सगळं या एका न विचारण्यामुळे झालं, असं मला आजही वाटतं.

त्या वर्षी पाऊस आलाच नव्हता. माघात संघाने चारा छावणी उघडली. माळावर हिरवी जाळी बांधली, खाली खुंट रोवले, टँकरच्या पाण्याने हौद भरले. चाऱ्याला उसाचे वाढे, म्हणजे शेंड्यांचा हिरवा पाला, ट्रकने यायचे. सभासदाने आपलं जनावर तिथं आणून बांधायचं आणि आपणही तिथंच राहायचं. दुसऱ्याची जनावरं आपल्या नावावर बांधणारे महाभाग निघाले, म्हणून संघाने नियम केला होता की दर गुरुवारी मालकाने स्वतः खिडकीवर येऊन हजेरी द्यायची. ओळीने दोन गुरुवार चुकले की त्याची दावण मोकळी करून वाट बघणाऱ्याला द्यायची. नियम कडक होता, पण वाईट नव्हता. जागा थोडी होती आणि फाट्यापर्यंत जनावरं उभी होती.

न आलेल्यांची यादी मास्तर काढून व्यवस्थापकांकडे द्यायचे. पहिले काही गुरुवार तसं चाललं. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि ऑपरेशनसाठी ते पंधरा-वीस दिवस बीडला गेले.

ते गेले आणि खिडकीवर घोटाळा सुरू झाला. खिडकीवर एक ताई बसायच्या, नवीनच लागलेल्या. त्या नाव टाकायच्या आणि कॉम्प्युटर म्हणायचा, नोंद नाही. आमच्या प्रोग्रामला मोठा ए आणि बारीक ए ही दोन वेगळी अक्षरं वाटत. यादीत नाव बारीक असेल आणि ताईंनी मोठं टाकलं, की समोर उभा असलेला माणूस जगातच नाही. मास्तरांना हे कधी अडलं नव्हतं, कारण कुणाचं नाव कसं आहे ते त्यांना पाठ होतं. एक जण दोन म्हशी घेऊन सकाळपासून उन्हात थांबला होता. त्याला दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा तो खिडकीशी आला तेव्हा ताई रडकुंडीला आल्या आणि व्यवस्थापकांनी मला बोलावून सांगितलं की उद्यापर्यंत हे नीट झालं पाहिजे.

याला दोन उपाय होते. एक सरळ उपाय असा, की यादी आहे तशी ठेवायची आणि शोधताना तेवढं मोठं-बारीक बघायचं नाही, असं प्रोग्रामला शिकवायचं. त्यासाठी अकरा ठिकाणी बदल करावे लागणार होते. दुसरा उपाय एका ओळीचा होता. यादीतली झाडून सगळी नावं कायमची मोठी करून टाकायची आणि खिडकीवर जे टाकतील तेही मोठं करून घ्यायचं. मी एका ओळीचा उपाय केला. अर्ध्या मिनिटात हजारो नावं एकसारखी झाली. पडदा कसा स्वच्छ दिसत होता. त्या दिवशी मला माझा अभिमान वाटला होता, हे कबूल करायला हवं. व्यवस्थापकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

त्या आठवड्याची न आलेल्यांची यादी मीच छापली. ती बरीच लांब निघाली. व्यवस्थापक माणूस कोरडा होता पण दुष्ट नव्हता. त्यांनी कागद खालीवर पाहिला आणि विचारलं, एवढे? मी म्हणालो, कॉम्प्युटर सांगतोय. सव्वीस दावणी मोकळ्या झाल्या.

मास्तर परत आले ते डोळ्यांवर गडद हिरवा चष्मा लावून. दर दोन तासांनी औषधाचे थेंब घालायचे होते. त्यांनी चपला बाहेर काढल्या, खुर्चीवर बसले, यादी उघडली आणि खाली खाली जात राहिले.

मग म्हणाले, "हे सगळे कधी आले?"

मी विचारलं, कोण?

"हे. समदेच आलेत की."

मला वाटलं ऑपरेशनने नजर अजून बसलेली नाही. मी हसत हसत त्यांना सांगितलं की मी सगळी नावं मोठी केली, आता कसंही टाका, सापडतंय. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मंग गुरुवारची यादी कुणी काढली?"

"मी."

ते उठले आणि तसेच अनवाणी छावणीकडे चालू लागले. दुपारची जमीन तापलेली होती. मी त्यांच्या चपला हातात घेऊन मागे पळालो. मोकळ्या केलेल्या खुंटांशी आता दुसऱ्यांची जनावरं बांधलेली होती. तिथं उभं राहून त्यांनी मला, पहिल्यांदाच, बारीक अक्षरांचा अर्थ सांगितला.

दसरा झाला की आमच्याकडची गावंच्या गावं ऊस तोडायला निघतात. त्या वर्षी दुष्काळामुळे आणखी लवकर निघाली होती. फाट्यावर ट्रक आणि ट्रॅक्टर थांबायचे. मास्तर वही घेऊन ओट्यावर उभे राहायचे आणि कोण कोण चाललं ते विचारून घ्यायचे. आपल्यात निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतं. ट्रकवर बसलेला माणूस ओरडून म्हणायचा, "येतो, मास्तर." मास्तर आत जाऊन त्याचं नाव बारीक करायचे. प्रोग्रामात तसा रकाना नव्हता, आणि मागितला असता तर कुणी दिला नसता. म्हणून त्यांनी अक्षरांतच सोय केली होती. मोठं म्हणजे घरी आहे. बारीक म्हणजे येतो म्हणून गेलाय. अशाची गाय म्हातारी आई नाहीतर म्हातारा बाप सांभाळतो. मास्तर गुरुवारी छावणीत जाऊन त्या म्हाताऱ्यांना बघून यायचे आणि बारीक नावं यादीतून आपणच वगळायचे. गुरुवारच्या त्या कामामागे एवढं सगळं होतं, आणि मी शेजारच्या टेबलावर बसून त्यातलं काही पाहिलं नव्हतं.

मी जुनी प्रत काढायला धावलो. पण आमच्याकडे रोजची प्रत कालच्या प्रतीवर चढायची, आणि पंधरवडा उलटून गेला होता.

व्यवस्थापकांनी, त्यांचं श्रेय त्यांना द्यायला हवं, एका शब्दाने न बोलता दुधाचा टेम्पो दिला. दोन दिवस आम्ही गावं फिरलो. जाळी वाढवून पंचवीस दावणी परत लावून दिल्या. सव्विसावी नांदूरघाटच्या अंगाला होती, म्हणजे माझ्याच गावाजवळ. त्या म्हातारीने छावणीतून गाय सोडून, वाटेत मुक्काम करत, पायी घरी नेली होती. गाय गाभण होती.

आम्ही पोचलो तेव्हा ती दारात बसली होती. खुंटीवर दावं लटकत होतं. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. ते पाहून मास्तर जिथं होते तिथंच खाली मातीत बसले.

म्हातारीच्या बोलण्यात राग नव्हता, आणि ते ऐकायला जास्त अवघड गेलं. घरात कडबा नव्हता, पाणी चार दिवसांनी यायचं. गाय रात्रंदिवस हंबरायची. आदल्याच दिवशी व्यापारी आला होता. "छावणीत दावण सोडाया आले त्यास्नी म्या म्हनलं, पोरगं येतो म्हनून गेलंय," ती म्हणाली. "ते म्हनले, आजी, इथं तसं काय दिसत न्हाई."

मी पुढं होऊन सांगितलं की ती चूक माझी आहे, नावं मी बदलली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, तू कुणाचा. मी वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं.

"इथलाच व्हय," ती म्हणाली. "मंग तुला तर ठावं पायजे व्हतं."

बस, एवढंच. त्यानंतर मला आयुष्यात बऱ्याच जणांनी बरंच काही सुनावलं आहे, वरिष्ठांनी चारचौघांत पाणउतारा केला आहे. पण इतकं लागलेलं दुसरं काही आठवत नाही. कारण मला ठाऊक होतं. माझ्या वर्गातली अर्धी पोरं दसऱ्यानंतर दिसत नसत. ते मी विसरलो नव्हतो, पण कॉम्प्युटरसमोर बसलो की त्याचा इथं काही संबंध असेल असं माझ्या मनातही येत नसे.

येताना टेम्पोत मास्तर पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते, मी त्यांच्या बाजूला. डोळ्यांत थेंब घालून झाल्यावर ते मिटल्या डोळ्यांनी बोलायला लागले. त्यांचे आई-बाप ऊसतोडीला जायचे. मास्तर पाच वर्षं त्यांच्याबरोबर गेले. "मी गेलतो की गुरुजी हजेरीतून माजं नाव कमी करायचे. पाडव्याला आलो की परत नाव घालायला बाप हात जोडून उभा. दरसाली. मी बापाला इचारायचो, आपन तर येतो म्हनून गेलतो, मंग हे कावून पुसत्यात?" बापाने काय उत्तर दिलं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, पण या वेळी न विचारण्याचं कारण वेगळं होतं.

पुढचे नऊ दिवस मास्तर ती अक्षरं परत बारीक करत होते. दसऱ्याची वही होती, पण तीत सगळी नावं नव्हती. उरलेली त्यांनी आठवून काढली. मी गावोगाव फोन लावून विचारायचो, ते बदलायचे. डोळ्यांना ताण देऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी त्याची आठवण करून दिली तर म्हणायचे, डोळे कशाला लागतात, मला तोंडं दिसत्यात. आणि त्याच नऊ दिवसांत मी ते अकरा बदल केले, जे मी पहिल्या दिवशी करायला हवे होते. आता कुणी मोठं टाको, बारीक टाको, नाव सापडायचं, आणि यादीतलं अक्षर जागचं हलायचं नाही. मास्तरांनी दहा-बारा नावं उलटसुलट टाकून बघितली. प्रत्येक वेळी नाव आलं. "आता बराबर," ते म्हणाले. "हुडकताना भेद धरायचा न्हाई. पर ज्याचं जसं हाय तसं ऱ्हाऊ द्यायचं." माझ्या धंद्यातलं इतकं नेमकं वाक्य मी नंतर कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

पाडव्याच्या सुमारास ट्रक परतायला लागले. ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. माणसं घरीसुद्धा न जाता, अंगावर उसाच्या पानांची बारीक, टोचरी कूस तशीच, खिडकीवर यायची आणि म्हणायची, "मास्तर, आलो. मोठं करा." मास्तर पडदा त्यांच्याकडे वळवायचे, करंगळीने शिफ्ट दाबून धरायचे आणि एकेक अक्षर मोठं करायचे. बहुतेकांना ते वाचता येत नव्हतं. तरी शेवटचं अक्षर होईपर्यंत कुणी हलायचं नाही. मग मास्तर म्हणायचे, "बसा," आणि तो माणूस खरंच ओट्यावर टेकायचा आणि पाणी प्यायचा. बायका तर लेकरांना उचलून पडदा दाखवायच्या.

म्हातारीचा मुलगाही आला. गायीचं त्याला कळलेलं होतं. त्याने बाकीच्यांसारखंच आलो म्हणून सांगितलं. मास्तरांनी त्याचं नाव मोठं केलं, पण त्यांच्याने 'बसा' म्हणवलं नाही. ते स्वतःच खुर्चीवरून उठून उभे राहिले. दोघं खिडकीच्या दोन बाजूंना क्षणभर तसेच उभे होते. मी मान खाली घालून बटणं दाबल्याचं नाटक करत होतो.

दोन वर्षांनी मला पुण्यात नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी मास्तरांच्या पाया पडलो आणि म्हणालो, येतो मास्तर, दोन वर्षं अनुभव घेतो आणि येतोच. तेव्हा ते मी मनापासून म्हटलं होतं. त्यांनी मान हलवली आणि आत गेले. मला वाटलं म्हाताऱ्याला वाईट वाटलं असेल म्हणून गेला.

दोन वर्षांची चौदा झाली. मधे लग्न, घर, हप्ते, मुलीची शाळा, तेच सगळं जे सगळ्यांचं असतं. आई-वडिलांनाही मी पुण्यालाच आणलं. मास्तर गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका बैठकीत होतो. संध्याकाळी निघू असं ठरवलं आणि निघालो नाही. याची मला लाज वाटते आणि ती कमी होत नाही.

गेल्या वर्षी संघाने नवा प्रोग्राम घ्यायचं ठरवलं. जुनी यादी त्यात हलवायची होती आणि जुन्याची माहिती असलेलं दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून मला बोलावलं. दोन दिवसांसाठी गेलो. खिडकीवरच्या ताई आता वरिष्ठ झाल्या आहेत, केस पांढरे झालेत. कीबोर्ड नवा आहे, पण त्याच्यावरही तो खळगा आहे. मी बघतोय हे पाहून त्या म्हणाल्या की मास्तर गेल्यावर आम्ही तसंच चालवलंय. सुपारीची डबी खणात होती. नव्या प्रोग्रामात नावं आपोआप मोठी होणार नाहीत, असं मी त्या कंपनीच्या माणसाकडून आधी लिहून घेतलं आणि मगच यादीला हात लावला.

यादी नीट हलली का ते बघायला काही नावं टाकून पाहायची असतात. मी आधी मास्तरांचं नाव टाकलं. आलं, मोठ्या अक्षरांत. ताई म्हणाल्या की त्यांच्यामागं वारस कुणी नाही, नावाचं काय करायचं ते कळेना, म्हणून तसंच ठेवलंय. मग काही सुचेना म्हणून मी माझं टाकलं. संघाचा नोकर म्हणून मलाही तेव्हा सभासद करून घेतलं होतं, ते मी विसरलो होतो. मी मोठ्या अक्षरांत टाकलं. नव्या प्रोग्रामातला शोधही माझ्या जुन्या शोधासारखाच, मोठं-बारीक न बघणारा होता, त्यामुळे लगेच सापडलं.

पडद्यावर माझं नाव आलं. माझं, वडिलांचं, आडनाव, गाव. सगळं बारीक.

ताई माझ्या मागे उभ्या होत्या. "तुमी निघाला त्याच दिवशी केलंय त्यांनी," त्या म्हणाल्या. "दर पाडव्याला इचारायचे, इंजिनेर आला का. आमी म्हनायचो, न्हाई. मंग म्हनायचे, ऱ्हाऊ द्या मंग बारीकच."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "करू का मोठं?"

माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवण्यात काही अर्थ नव्हता. खिडकीपाशी जाऊन 'आलो' एवढं एक म्हणायचं होतं. अंगावर कूस घेऊन आलेली, अक्षरओळख नसलेली माणसं ते किती सहज म्हणायची. बाहेर पुण्याची गाडी उभी होती आणि ड्रायव्हरने दोनदा फोन केला होता.

"नको," मी म्हणालो. "राहू दे तसंच."

ताई म्हणाल्या, बसा की थोडं, चहा सांगते. मी पिशवी खांद्याला लावली, ओट्यावरून खाली उतरलो आणि त्यांना म्हणालो, "येतो."